मठपती सरांचा डावा हात

मठपती सर वर्गात आले की आधी फळ्याकडं नाही, आमच्या कानांकडं बघायचे. एकेकाचा कान चिमटीत धरून उजेडाकडं वळवायचा, आत डोकवायचं, आणि मळ दिसला की त्या पोराला वर्कशॉपबाहेर उन्हात उभं करायचं. "इंजन बोलतंय ते आत जायला वाट पायजे का नको? तुझ्या कानात तर हरभरा पेरता येतोय," असं म्हणायचे आणि कान सोडताना एक हिसडा द्यायचे. हिसडा सगळ्यांना मिळायचा, कान स्वच्छ असला तरी.

सरांच्या माघारी आता जो तो त्यांच्याबद्दल गोड बोलतो. शिस्त काय, तळमळ काय, असे गुरुजी आता होणे नाही काय. मला तसलं बोलता येत नाही. सर दुष्ट होते. मी त्यांच्याहून दुष्ट निघालो, आणि तेच सांगायला बसलोय.

आमची आयटीआय म्हणजे माळावरची पत्र्याची एक लांब शेड. मी मोटार मेकॅनिकला होतो. सर परीक्षा घ्यायचे ती अशी: पोराच्या डोळ्यांवर ग्रीसचा फडका बांधायचा, मोटरसायकल चालू करायची आणि विचारायचं, "काय दुखतंय तिला?" टॅपेट वाजतंय, रिंगा गेल्यात, चेन ढिली झालीय, जे असेल ते नुसत्या आवाजावरून ओळखायचं. चुकलं की पंख्याचा जुना पट्टा पोटरीवर. रडलं तर आणखी एक. "सुम्निरू!" ते ओरडायचे. घरात कानडी बोलणारे आम्ही चार-पाच जण होतो, आम्हाला कळायचं की हे 'गप्प राहा' म्हणतायत. बाकीच्यांना ती शिवी वाटायची. पोरगं रडतंय याचं सरांना काही नव्हतं. रडण्यात इंजिन ऐकू येत नाही, एवढीच त्यांची अडचण होती.

पण कान मात्र कान होता, ते नाकारून चालणार नाही. एकदा आम्ही त्यांच्याबरोबर तुळजापूरच्या स्टँडबाहेर चहा पीत होतो. यात्रेकरूंनी खच्चून भरलेली एक खासगी बस रिव्हर्स घेत होती. सरांनी कप तसाच ठेवला, बसच्या मागं जाऊन उभे राहिले आणि छत्रीनं पत्रा बडवायला लागले. ड्रायव्हर आईमाई उद्धरतच उतरला. सर म्हणाले, "मागच्या डाव्या चाकाचं बेरिंग चाललंय. ह्या लोकांनी देवीचं दर्शन घेतलंय म्हणून तू त्यास्नी लगीच वर पाठवणार व्हय?" चाक उघडलं तर आत बेरिंगचा चुरा. म्हाताऱ्या बाया सरांच्या पाया पडायला लागल्या. "पाया कशाला पडताय? उतरा अन् दुसरी गाडी बघा," म्हणून सर परत आले आणि चहा गार झाला म्हणून टपरीवाल्यावर खेकसले.

माझा कान त्यांना कधी पटला नाही. पहिल्याच महिन्यात मी टॅपेटला चेन म्हणालो आणि सरांनी निकाल देऊन टाकला, "नाग्या, तुझा कान मेलेला हाय. तू गाड्या धू." वर्षभर मी गाड्या धुतल्या. समोरच्या खोलीत शिवणकामाच्या मुली बसायच्या, त्यांच्यादेखत सर मला 'बंब' म्हणून हाक मारायचे. "ए बंब, हिला अंघोळ घाल." मुली हसायच्या. मीही हसायचो, दुसरं काय करणार?

एवढंच असतं तर मी विसरलो असतो. आमचं मुरूम गावात छोटंसं किराणा दुकान होतं. पोराला नुसतं धुवायला लावतात हे कळल्यावर अप्पा एक दिवस दुकान बंद ठेवून, शेंगापोळ्यांचा डबा घेऊन सरांना भेटायला आले. सरांनी डबा उघडला, लोखंडी टेबलावर ठेवला आणि सगळ्या पोरांना बोलावलं. "खा रे. नाग्याच्या बापानं मार्कं आणल्यात." पोरांनी काळ्या हातांनी पोळ्या ओढून खाल्ल्या. मग सर अप्पांना म्हणाले, "पोरगं परत न्या, वाणी. पुड्या बांधायला कान लागत न्हाय." अप्पा हात जोडून हसत उभे होते. मी सोडायला गेलो तर एसटीत बसल्यावरही ते तसेच हसत होते, तोंडावरचं पुसायचं विसरल्यासारखे. पुढं शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला विचारलं होतं, "तुझ्या सरास्नी पोळी आवडली नव्हती का रे?"

मी पास झालो, पुण्यात आठ वर्षं नोकरी केली आणि धाराशिवला येऊन विजेवरच्या गाड्यांचं शोरूम टाकलं. मुद्दाम हाच धंदा निवडला. इंजिन नाही, टॅपेट नाही, रिंगा नाहीत, ऐकायचं काहीच नाही. मेलेल्या कानाच्या माणसाला याहून चांगला धंदा कुठला? विकायच्या त्या स्कूटरीच; मास्तर, नर्सबाई, दूधवाले घेऊन जायचे. पण गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी एक स्पोर्ट मोटरसायकल आणली. काळी, बुटकी, पुढं झुकलेली, शर्यतीची. मूठ पिळल्यावर पूर्ण जोर त्याच क्षणी मागच्या चाकात. देवीसमोर 'आई राजा उदो उदो' म्हणून होईपर्यंत शंभराच्या पुढं जायची. आणि एवढं करून आवाज म्हणाल तर शिट्टीसारखी बारीक घरघर, तीही पळताना. उभी असताना चालू आहे का बंद, हे पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवरूनच कळायचं. लातूर, बार्शीकडनं पोरं नुसती बघायला यायची, शेजारी उभी राहून फोटो काढायची.

त्या गाडीकडं बघताना मला एकच माणूस आठवायचा. सर रिटायर होऊन येडशीला स्टेशन रोडवर राहत होते. मी जाऊन त्यांना दसऱ्याच्या पूजेचं आमंत्रण दिलं. "गुरूच्या हातानं पूजा व्हावी," म्हणालो. त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मला खुर्ची दिली.

आता त्यांची रीत सांगतो. दसऱ्याला लोक टाकीवर स्वस्तिक काढतात, हँडलला हार घालतात. वर्कशॉपमध्ये सर आधी चेनपाशी उकिडवे बसायचे, डाव्या हातानं चेन खालून उचलून तिची ढील बघायचे आणि उजव्या बोटानं तिला कुंकू लावायचे. "जोर हितनं जातोय. नमस्कार बी हितंच." दोन वर्षं मी हे बघितलं होतं. मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मी कितीतरी जणांना सांगितलं की सर चेनला हात लावतील हे मला माहीतच नव्हतं.

सर यायच्या अर्धा तास आधी मी गाडी चालू करून ठेवली. मागचं चाक स्टँडवर उचललेलं होतं. पडद्यावर झेंडूचा जाड हार टाकला, हिरवी अक्षरं झाकली. बेत असा होता की सरांनी कान लावायचा, 'बंद' म्हणायचं, आणि मी मूठ पिळून चाक गरगर फिरवायचं. चारचौघांत एकदा त्यांचा कान मेलेला ठरवायचा, बस्स. दोन मित्रांना फोन काढून तयार राहायला सांगितलं होतं.

सर आले. पांढरा शुभ्र सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही गाडी हाय का मिक्सर?" लोक हसले. मी हँडलपाशी जाऊन उभा राहिलो. "सर, ओळखा बरं. चालू आहे का बंद?"

परीक्षा म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. डोळे मिटले, वाकले, मोटरीजवळ कान नेला. सगळं शोरूम गप्प. त्या शांततेत मला किती आनंद झाला, ते आज लिहिताना लाज वाटते. पण झाला होता.

"बंद हाय," सर म्हणाले. माझे मित्र फिसकन हसले.

"नक्की ना, सर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी शिजतंय हे त्यांना कळलं, काय ते कळलं नाही. "नाग्या, कान तुझा मेलाय, माझा न्हाय," ते म्हणाले. "बापाचं दुकान बरं हुतं की. उगं फुकट हिकडं आलास." आणि उकिडवे बसून त्यांनी डावा हात चेनखाली घातला, उजव्या बोटावर कुंकू घेतलं.

माझा हात मुठीवर होता. त्यांचा हात चेनखाली होता. दोन्ही मला दिसत होतं. मी मूठ पिळली.

पेट्रोलची गाडी आधी गुरगुरते, माणसाला हात काढायला क्षणभर सापडतो. हिनं काहीच सांगितलं नाही. सर ओरडले नाहीत, मी ओरडलो. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी, तिन्ही मुळापासून गेली. सोलापूरला नेईपर्यंत सर मांडीवर हात धरून बसले होते आणि गाडी चालवणाऱ्या माझ्या मित्राला म्हणत होते, "दुसऱ्यात टाक, चढ हाय." डॉक्टरनं विचारलं कसं झालं, तर मी पुढं होऊन म्हणालो, "मूठ निसटली." सर म्हणाले, "चालू गाडीला हात लावला. माझी चूक." मित्रांच्या फोनमधलं चित्रीकरण मी त्याच दिवशी पुसायला लावलं. संध्याकाळी शोरूमवर येऊन चेन धुतली. कुंकू कुठलं आणि दुसरं कुठलं, ते धुताना कळत नव्हतं.

महिन्याभरानं सरांचा फोन आला. "गाडी घेऊन ये." मी येडशीला गेलो. अंगणात बाजेवर बसले होते, हाताला पांढरी पट्टी. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दिला आणि आत गेल्या. सर म्हणाले, "बंद कर. आता चालू कर." डोळे मिटलेले. "पुन्हा." असं सात-आठ वेळा करायला लावलं.

मग म्हणाले, "चालू करताना आत एक 'टक' हुतंय. लई बारीक. पण हुतंय."

मला ते आजवर कधी ऐकू आलं नव्हतं.

"त्या दिशी झालं न्हाय," सर म्हणाले. "म्हंजी म्या यायच्या आधीच झालं हुतं. हार पडद्यावर कशापायी टाकलास?"

"पूजेसाठी, सर."

"आन् मूठ?"

एका शब्दाचं काम होतं. पिळली. तेवढा शब्द म्हणायचा आणि जे होईल ते होऊ द्यायचं.

"निसटली, सर."

"बरं," सर म्हणाले. मग आत बघून हाक मारली, "अगं, नागू आता दर सोमवारी येणार हाय. जेवायचंच सांग त्याला." जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला नागू म्हटलं.

त्या हाताचं खरं काय झालं होतं ते मला काकूंनी पहिल्या सोमवारी स्वयंपाकघरात सांगितलं. आम्ही लिंगायत; गळ्यातलं लिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, हात खोलगट करायचा आणि नजर त्यावर ठेवून पूजा करायची. आमच्या घरी हे सणावारापुरतं उरलंय. सर जंगम, म्हणजे आमच्यातल्या पुरोहितांच्या घरातले; त्यांचं आयुष्यात एक दिवस चुकलं नव्हतं. आता खोलगट करायला हाताला पुरेशी बोटंच नव्हती. "पहिल्या दिशी लिंग घरंगळून खाली पडलं," काकू म्हणाल्या. "ह्यांनी तीन दिस पाणी घेतलं न्हाय तोंडात. तू कुणाला बोलू नकोस." पदरानं डोळे पुसले आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर सरांनी हात पुढं केला. "मेकॅनिक हायस ना? कायतरी बसव ह्याला."

मी चामड्याचा पट्टा करून नेला. "देवाला कातडं? अक्कल गहाण टाकलीस व्हय?" परत. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वाटी करून नेली, मनगटाला बांधायला सुती नाडी. "ढिली हाय." परत. "आता टोचतीया." परत. दर सोमवारी ते वाटी बांधून घ्यायचे, हात हळूहळू कलता करायचे, आणि काढून माझ्या अंगावर टाकायचे. "कान मेला त्यो मेला, हात बी मेला व्हय रे?" त्यांचा तो थोटा हात माझ्या हातात असायचा. ती कातडी मऊ होती, लहान मुलाच्या टाळूसारखी, आणि मला मापं घ्यायला तिथंच दाबावं लागायचं.

काकूंचं वेगळंच चाललं होतं. "ह्यांनी तुला लई छळलं म्हणं रे. आन् बघ, तूच येतोस. ज्यास्नी डोक्यावर घेतलं ती पोरं कुठायत आता?" असं म्हणत त्या ताटात तूप ओतायच्या. मी नको म्हणून हात आडवा केला की सर शेजारून म्हणायचे, "खा. ती प्रेमानं वाढतीया." माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, ते त्यांना दिसायचं. दुसऱ्या कुणी पोलिसात दिलं असतं, चारचौघांत थोबाडीत मारली असती. ते मी सोसलं असतं हो! सरांनी मला जेवायला घातलं.

आणि निघताना दर वेळी एकच प्रश्न. "काय सांगायचं राहिलंय का?"

"न्हाय, सर."

"मग सोमवारी ये."

मी का सांगितलं नाही? भीती म्हणाल तर होती. पण त्याहून राग होता. माझ्या अप्पांची माफी यांनी कधी मागितली? आधी त्यांनी म्हणावं, मग मी म्हणतो, असं मी मनात धरून बसलो होतो. तीन बोटं घेऊनही माझी फिट्टंफाट झाली नव्हती. काय माणूस असेन मी! आणि सोमवार चुकवायची हिंमतही नव्हती.

माघातल्या एका सोमवारी नेलेली वाटी सरांनी बांधली, हात कलता केला, आणखी कलता केला. लिंग हललं नाही. बराच वेळ ते तळहाताकडं बघत बसले. मग म्हणाले, "चालंल." त्यांच्या तोंडून माझ्या कामाला मिळालेला हा एकच चांगला शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "सर," मी म्हणालो. त्यांनी मान वर केली, आणि शपथेवर सांगतो, ते वाट बघत होते. तेवढ्यात काकू ताक घेऊन आल्या. "काय रे?" सर म्हणाले. "काही न्हाय, सर. पुढच्या सोमवारी नाड्या बदलतो," मी म्हणालो.

पुढचा सोमवार आला नाही. गुरुवारी पहाटे सर झोपेतच गेले.

आमच्यात जाळत नाहीत. बसलेल्या स्थितीत, मांडी घालून, डाव्या हातात लिंग देऊन माती देतात. येडशीच्या बाहेर रुद्रभूमीत खड्डा काढला होता. मी लोकांत मागं उभा होतो. सरांना खाली बसवलं. विधी करायला आलेले अय्या हाताला बांधलेली वाटी बघून म्हणाले, "हे काढा. भस्म, बेल, मीठ अन् लिंग. दुसरं काय बी आत जात न्हाय." कुणीतरी नाडी सोडून वाटी वर टाकली. लिंग तळहातावर ठेवलं, ते घसरून मांडीत पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. लोकांत कुजबुज सुरू झाली. सरांना मुलगा नाही. लेक सोलापूरला दिलेली, ती काकूंना धरून उभी होती. काकूंनी मान वळवून गर्दीत मला शोधलं.

"नागू," त्या म्हणाल्या, "तू उतर बाबा. तू धर ह्यांचा हात."

मी उतरलो. गुडघे टेकून सरांसमोर बसलो आणि त्यांचा डावा हात खालून माझ्या दोन्ही हातांत घेतला. जिथं बोटं नव्हती तिथं माझी बोटं लावली. लिंग स्थिर राहिलं. वरून बेलाची पानं पडायला लागली, मग मीठ, मग भस्म, मग माती. काकू वर रडत लेकीला म्हणत होत्या, "बघ, पोटच्या पोरानं केलं नसतं असं." सरांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर लांब होतं. म्हणायचं असतं तर कुणाला ऐकूही गेलं नसतं. मी नाही म्हणालो.

माती त्यांच्या मनगटावर आली तेव्हा अय्या म्हणाले, "आता काढ हात. हळू."

मी हात काढून घेतले. शेवटचं बोट निघताना मातीखाली लिंग घसरलं, ते मला स्पष्ट कळलं.

"जाग्यावर हाय न्हवं?" अय्यांनी वरून विचारलं.

"हाय," मी म्हणालो.